राजवाड्यातल्या वस्तूंचं प्रदर्शन कोकणात भरवताना: यादीपासून परतीपर्यंत

दिवाळी जवळ आली की असा एखादा तरी फोन येतोच. "हॉल मिळाला, पाहुणे ठरले, पत्रिका छापायला टाकली. आता राजवाड्यातून वस्तू कधी आणायच्या तेवढं सांगा." म्हणजे सगळं उलट्या क्रमाने झालेलं असतं. संस्थानी घराण्याकडून चित्रं, गंजिफा (हाताने रंगवलेले जुने खेळायचे पत्ते), लाखकामाची भांडी किंवा जुने फोटो आणून दहा दिवस मांडायचे, तर पहिला प्रश्न हॉलचा नसतो. वस्तू जशी आली तशीच परत कशी जाईल, हा असतो. पुढचे सगळे टप्पे त्या प्रश्नाभोवती लावले आहेत. तालुक्याचं वाचनालय, शाळेचं सभागृह, एखादा जुना वाडा अशा जागांना धरून लिहिलंय. वातानुकूलित कलादालन तुमच्याकडे असेल तर यातलं निम्मं काम वाचेल.

१. तारीख ठरवताना आधी हवा बघा

जून ते सप्टेंबर विषयच नको. हवेतली आर्द्रता तेव्हा ८५-९० टक्क्यांवर बसलेली असते, आणि ६५ टक्क्यांच्या वर बुरशीला आमंत्रणच मिळतं. ऑक्टोबरचा उकाडाही फसवा असतो. पाऊस गेला म्हणून आपण निश्चिंत होतो, पण चिऱ्याच्या भिंती आत अजून ओल्याच असतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ धरा. त्यातले गावच्या जत्रेचे दिवस वगळा. गर्दी मिळेल हे खरं, पण राखण करायला माणूस मिळणार नाही.

एक साधा डिजिटल हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र) घ्या. खरं तर दोन घ्या. एक हॉलमध्ये आठवडाभर ठेवा. दुसरा वस्तू आज जिथे आहेत त्या खोलीत, घरच्यांची परवानगी घेऊन. सकाळी, दुपारी आणि रात्री आकडे वहीत लिहा.

आकडे कमी आहेत की जास्त, एवढंच बघून थांबू नका. दोन्ही जागांच्या आकड्यांत फरक किती, ते महत्त्वाचं. पुस्तकात कागद-कापडासाठी ४५ ते ५५ टक्के लिहिलेलं असतं. पण जे लाकडी तबक साठ वर्षं ७० टक्क्यांत राहिलंय, ते एकदम ४५ टक्क्यांच्या एसी खोलीत आणलंत तर त्याचं लाकूड आकसतं आणि वरचा लाखेचा थर तडकतो. आकडे जवळपास असू देत आणि दिवसभर स्थिर असू देत.

*सावधान:* दिवसा एसी चालू आणि रात्री बंद, हा सगळ्यात वाईट प्रकार. रोज वस्तू एकदा फुगते आणि एकदा आकसते. चोवीस तास एसी चालणार नसेल, मध्ये लाईट जाण्याची भीती असेल, तर एसी लावूच नका. हवा हलती ठेवणारे पंखे बरे, फक्त त्यांचा झोत वस्तूवर नको.

२. निवड राजवाड्यात बसूनच करा

फोटोवरून यादी करू नका. दोन दिवस तिथे जा आणि एकेक वस्तू टेबलावर घेऊन बघा. वाचनालयाच्या हॉलला तीस-पस्तीस वस्तू पुरतात. शंभर आणल्या तर दहासुद्धा नीट सांभाळता येत नाहीत.

नकार द्यायला शिका, कारण घरचे लोक प्रेमाने सगळंच पुढे करतात. रंगाचे पोपडे सुटलेलं चित्र नको. हाताला ओलसर लागणारी, पुसली की पसरणारी बुरशी असेल तर ती वस्तू नको. पितळ-काशावर हिरवी भुकटी सुटत असेल तर तीही नको, कारण तो गंज खाऱ्या वाऱ्यावर वाढत जातो. जरीच्या वजनाने उभी चिरत चाललेली पैठणी टांगायला तर अजिबात नको.

शिकारखान्यातलं वाघाचं कातडं, शिंगं, हस्तिदंत यांच्यामागे वन्यजीव संरक्षण कायदा आहे. घरात मालकीचं प्रमाणपत्र असलं तरी ते हलवायला वनखात्याची परवानगी लागू शकते. माझं मत विचाराल तर हा भाग यादीतून सरळ काढा. तलवारी-कट्यारी घ्यायच्याच असतील तर पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवा आणि पोचपावती घ्या.

आणखी एक गोष्ट निवडतानाच उरका. "हे राजा रविवर्म्याचं ऑइल आहे" असं घरात तीन पिढ्या सांगत आले असतील, तरी भिंगातून बघा. रविवर्म्याच्या छापखान्यातल्या ओलिओग्राफवर, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या छापील चित्रावर, वार्निश आणि कॅनव्हाससारखा पोत दिलेला असे, त्यामुळे लांबून भले भले फसतात. भिंगाखाली चेहऱ्यावर बारीक ठिपके दिसले तर ती छापील प्रत. तिला टिकल्या आणि जर शिवून सजवलेलं असेल तर प्रदर्शनासाठी ती मला उलट जास्त आवडते. पण पाटीवर 'तैलचित्र' लिहू नका. यावरून विम्याची रक्कमही बदलते.

३. कागदपत्रं

तोंडी "न्या हो" वर काम करू नका, संबंध कितीही घरोब्याचे असले तरी. दोन पानांचा करार पुरतो. त्यात वस्तूंची यादी, नेण्याची आणि परतीची तारीख, कुठे ठेवणार, फोटो काढायची परवानगी कोणाला आणि खर्च कोणाचा हे लिहा. सही कोणाची, हे आधी विचारून घ्या. पुष्कळ घराण्यांत मालकी भावंडांत किंवा ट्रस्टमध्ये वाटलेली असते आणि किल्ल्या ज्यांच्याकडे असतात ते मालक असतीलच असं नाही.

शंभर वर्षांपेक्षा जुन्या कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांपेक्षा जुनी हस्तलिखितं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात. नोंदणी झालेली असेल तर प्रमाणपत्राचा क्रमांक करारात घाला. अशा वस्तूचा ताबा दुसऱ्याकडे जातो तेव्हा नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. ते पत्र कोण लिहिणार, तेही करारात ठरवा.

विमा घेताना 'हॉलमधला काळ' एवढ्यापुरता घेऊ नका. वस्तू राजवाड्यातल्या खिळ्यावरून उतरली तिथपासून पुन्हा त्याच खिळ्यावर चढेपर्यंत घ्या. मोडतोड बहुतेक टेम्पोत आणि जिन्यावर होते. किंमत दोघांनी आधी मान्य करून लिहिलेली असावी, नंतर वाद नको.

४. अवस्थेची नोंद: इथे घाई केलीत तर पुढचं सगळं वाया

प्रत्येक वस्तूला एक पान. क्रमांक, नाव, माप सेंटीमीटरमध्ये, कशाची बनलीय आणि मग आजची अवस्था. 'बरी', 'जुनी', 'थोडी खराब' हे शब्द बाद. लिहायचं ते असं: "खालचा उजवा कोपरा, कडेपासून ३ सेंमी वर, ५ मिमीचा रंग उडालेला. मागच्या पाटीला किडीची दोन भोकं, भुकटी नाही." भुकटी आहे की नाही हे लिहायचंच, कारण ताजी भुकटी म्हणजे कीड अजून आत जिवंत आहे.

फोटो पुढून, मागून आणि कडेने. शेवटचा फोटो टॉर्च बाजूने जवळजवळ आडवी धरून काढा. पोपडे, फुगवटे आणि सुरकुत्या त्यात उठून दिसतात. समोरून काढलेल्या फोटोत त्या लपतात. फोटोत क्रमांकाची चिठ्ठी आणि पट्टी दिसू दे. वस्तूजवळ फक्त पेन्सिल, पेन खिशातसुद्धा नको.

हातांबद्दल. धातू आणि फोटोंना नायट्राइलचे हातमोजे. कागद-पोथीला मोजे नकोत, साबणाने धुऊन कोरडे केलेले हात बरे, नाहीतर पानाची कड बोटाला कळत नाही. लाखकाम आणि काच यांना सुती मोजे कधीच नकोत, घसरतात. आणि पुसापुशी नाही. माझ्या पहिल्या वेळी मी खिशातल्या रुमालाने एका गंजिफाच्या डब्यावरची धूळ पुसायला गेलो, तर तिथले म्हातारे कारभारी नुसते हात वर करून म्हणाले, "झिला, पुसू नको, रंग जातलो." मऊ, कोरडा ब्रश घ्यायचा आणि धूळ बाहेरच्या दिशेने हलकेच झटकायची, तीही रंग घट्ट असेल तरच.

आता गंजिफा. सावंतवाडीची म्हणून तुम्ही त्या आणणारच, आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. दशावतारी संचात १२० पानं: दहा अवतारांचे दहा रंग (इस्पिक-बदामसारखे पत्त्यांचे गट), प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. मोगल संचात आठ रंग, ९६ पानं. मोजल्याशिवाय संच ताब्यात घेऊ नका. आम्ही एकदा 'दशावतारी गंजिफा, १ संच' एवढंच लिहून आणला. परतीच्या दिवशी पानं भरली ११९. नेताना १२० होती की नव्हती, सांगायला कोणाकडे काही नाही. दोन दिवस हॉलच्या फरशीवर टॉर्च घेऊन रांगलो, टेम्पोची ताडपत्री झटकली, झाडूवालीला उगाच चार प्रश्न विचारले (त्याची लाज अजून वाटते). शेवटी एकेक पान कडेने धरून बघताना एक जाड लागलं. उकाड्यात लाख चिकट होऊन वराहाचं एक पान दुसऱ्याच्या पाठीला बसलं होतं. तेव्हापासून रंगागणिक मोजणी, दोन माणसांनी, वेगवेगळी. चिकटलेली पानं सापडली तर नखाने, सुरीने किंवा वाफेने सोडवू नका. तशीच सपाट ठेवा, मालकांना दाखवा, जतनाचं काम जाणणाऱ्याकडे जाऊ द्या.

*तपासा:* प्रत्येक पानाखाली दोन सह्या आहेत? एक प्रत राजवाड्यात राहिली? नसेल तर टेम्पोला फोन करू नका.

५. बांधणी आणि वाट

आधी आम्लमुक्त कागद. तो नाही मिळाला तर धुऊन खळ पूर्ण काढलेलं मलमल किंवा मांजरपाट. त्यावर फुगेवाला प्लास्टिक कागद, फुगे बाहेरच्या बाजूला. नाहीतर दमट हवेत फुग्यांचे गोल ठसे वार्निशवर उमटतात. प्लास्टिक हवाबंद करू नका, आत अडकलेली दमट हवा रात्री गार झाली की पाणी सोडते. वर्तमानपत्र, डांबराच्या गोळ्या आणि रबरबँड या तीन गोष्टी खोक्यात शिरू देऊ नका.

चौकटीला काच असेल तर काचेवर मास्किंग टेपची जाळी करा. फुटली तरी तुकडे चित्रावर पडत नाहीत. टेप लाकडी चौकटीवर येऊ देऊ नका, सोनेरी मुलामा टेपबरोबर निघून येतो. जुन्या फोटोंची काच उघडायला जाऊ नका. दमटपणामुळे फोटो काचेला चिकटलेला असू शकतो.

टेम्पो बंद बॉडीचा, आणि त्यात फक्त याच वस्तू. 'जाता जाता चार खुर्च्या टाकूया' म्हणणाऱ्याला खाली उतरवा. चित्रं उभी ठेवायची, गाडी जाते त्या दिशेला समांतर, म्हणजे ब्रेक लागला तर ती एकमेकांवर आदळत नाहीत. चौकट वरच्या पट्टीला धरून उचलायची नाही. एक हात खाली, एक बाजूला. वस्तू हातातून हातात द्यायची नाही. एकाने टेबलावर ठेवायची, मग दुसऱ्याने उचलायची. ऐकायला बावळटपणा वाटतो, पण पडलेल्या वस्तूंच्या कहाण्या "मला वाटलं तू धरलीस" इथूनच सुरू होतात.

*सावधान:* खोकी हॉलवर पोचली की लगेच उघडू नका. चोवीस तास बंद ठेवा. गार जागेतून उबट, दमट हवेत आलेल्या धातूवर आणि काचेवर दव धरतं. थंड बाटलीला सुटतं तसंच.

६. हॉलची तयारी

हे वस्तू येण्याच्या आधी पुरं झालेलं हवं, पण मी ते इथे लिहितोय कारण लोक नेमके याच वेळी सुताराला बोलावतात. ताजं प्लायवूड, एमडीएफ, नवा रंग आणि वार्निश यांतून आठवडेच्या आठवडे आम्लाची वाफ सुटते. बंद कपाटात ती चांदीवर आणि कागदावर बसते. शोकेस निदान तीन आठवडे आधी करून दारं उघडी टाकून ठेवा. नाकाला वास येतोय तोवर ती तयार नाही. आत लोकरीचं फेल्ट किंवा रबर घालू नका, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. धुतलेलं सुती कापड चालतं. चांदी काळी पडलेली असेल तर भांडी घासायच्या पावडरीने किंवा चिंचेने 'चमकवून' मांडू नका. नक्षी झिजते, आणि ती परत आणता येत नाही.

भिंतींचं सांगायचं तर, पश्चिमेची आणि बाहेरची भिंत चित्रांना नको. पर्याय नसेल तर चौकटीच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, हवा खेळती राहते. चिऱ्यात खिळा नुसता ठोकला की तो दोन दिवसांत सैल होतो. लाकडी पट्टी आडवी पक्की बसवून तिच्यावरून साखळीने टांगा. दोन हूक, दोन साखळ्या. एका खिळ्यावर सुतळी घालून टांगणं विसरा. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर आला की उंच-ठेंगण्या सगळ्यांना बरं पडतं.

प्रकाशावर माझं मांडववाल्यांशी हमखास भांडण होतं. त्यांच्या मते प्रदर्शन म्हणजे हॅलोजन. जलरंग, कापड, हाताने रंगवलेले फोटो आणि गंजिफा यांना ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे वस्तूवर पडणाऱ्या उजेडाचं माप) जास्त नको. तैलचित्राला २०० पर्यंत चालतं. दहा दिवस, रोज आठ तास, ५० लक्स म्हणजे ४,००० लक्स-तास. तोच झोत ५०० लक्सचा असेल तर ४०,००० होतात, म्हणजे शंभर दिवसांची झीज तुम्ही दहा दिवसांत उरकलीत. उडालेला रंग परत येत नाही. एलईडी लावा, खिडक्यांना जाड पडदे लावा, फ्लॅश बंद. मोबाइलवरचं लक्स मोजणारं अॅप काटेकोर नसतं, पण ५० आणि ५०० मधला फरक नक्की सांगतं. आत येणाऱ्याला हॉल काळोखा वाटू नये म्हणून बाहेरची पडवीही मंद ठेवा. पायऱ्या चढेपर्यंत डोळे सरावतात.

ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पाकिटं शोकेसमध्ये ठेवाल तर वस्तूला टेकू देऊ नका आणि आत छोटा हायग्रोमीटर ठेवा. लहान कपाटात भरपूर जेल टाकलं तर लाखकाम नको इतकं सुकतं. रंग बदललेलं जेल सुकवून परत वापरता येतं.

गंजिफा मांडताना सगळी १२० पानं पसरू नका. दहा राजे ओळीने आणि एक रंग पूर्ण, बारा पानांचा, एवढं पुरे. क्रम मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. नवव्या पानावर काही संचांत जगन्नाथ किंवा विठ्ठल असतो. 'चुकीचं पान' म्हणून बाजूला काढू नका. मासा, कासव, परशू अशा खुणा बघून रंग ओळखा. पानं थोड्या उतरत्या फळीवर, खाली कापडी आधार. दुतर्फी टेप नाही, ब्लू-टॅक नाही, टाचणी नाही.

७. पाट्या

वस्तूचं नाव, साहित्य, माप, अंदाजे काळ, सौजन्य. पाच ओळी. अक्षर मोठं, वीस पॉइंटच्या आसपास, कारण बघायला येणाऱ्यांत चाळिशीचे चष्मे जास्त. घरातल्या आख्यायिका लिहायच्या तर 'घराण्यात सांगतात की' असं लिहा. मोगल गंजिफांच्या पाटीवर एक ओळ खेळाचीही घाला: अर्ध्या रंगांत दश्शी भारी, उरलेल्यांत एक्का भारी. ते वाचून म्हातारी माणसं शोकेसजवळ थांबतात आणि त्यांच्याकडून नव्या गोष्टी कळतात.

वस्तू कुठून आली आणि कुणाची, यांत गोंधळ करू नका. रत्नागिरीचा थिबा पॅलेस घ्या. थिबा ब्रह्मदेशाचा राजा. ब्रिटिशांनी १८८५ मध्ये त्याला पदच्युत करून पुढे रत्नागिरीत ठेवलं, वाडा १९१० मध्ये झाला, १९१६ मध्ये तो तिथेच वारला. आता त्या वाड्यात संग्रहालय आहे म्हणून तिथली प्रत्येक वस्तू 'थिबा राजाची' होत नाही. तुमच्या राजवाड्यातलंही तसंच. भेट आलेलं, विकत घेतलेलं, सुनेच्या माहेरून आलेलं असं वेगवेगळं असतं. विचारा, आणि कळलं नाही तर ती ओळ सोडा.

सौजन्याच्या ओळीत नाव कसं छापायचं, 'श्रीमंत' लावायचं का, कोणाचं आधी, हे घराण्याकडून लेखी घ्या. पाटीच्या चुकीने जेवढी मनं दुखावतात तेवढी फुटलेल्या काचेनेही दुखावत नाहीत.

८. उद्घाटन आणि रोजची फेरी

समई बाहेर, पडवीत. नारळही बाहेर. तेलाची काजळी आणि खोबऱ्याला येणाऱ्या मुंग्या हॉलमध्ये नकोत. हारांतून किडे येतात, म्हणून फुलांची सजावट दाराच्या अलीकडेच थांबवा. चहा आणि भजी तर अंगणात. पाहुण्यांना राग येईल म्हणून सूट देऊ नका, पत्रिकेवरच छापा. मग कोणाला काही वाटत नाही.

एका वेळी आत पंचवीस-तीस माणसं. उद्घाटनाच्या दिवशी शंभर जण शिरले की हॉलमधली आर्द्रता तासाभरात चढलेली वहीत दिसेल. श्वास आणि घाम, दुसरं काही नाही. शाळेच्या सहली सकाळी घ्या.

रोज उघडताना आणि बंद करताना एकाच माणसाने, एकाच क्रमाने फेरी मारायची. वस्तूंची संख्या, हायग्रोमीटरचा आकडा, शोकेसखाली भुकटी किंवा कसर, चौकटी सरकल्यात का. रोज वेगळा स्वयंसेवक ठेवला तर बदल कोणाच्या लक्षात येत नाही.

९. परती

समारोपाच्या रात्री काही काढायचं नाही. माणसं दमलेली असतात, जेवणाकडे डोळा असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, पंखे बंद करून, टेबल मोकळं करून बसा. टप्पा ४ ची पानं समोर ठेवा, तसेच फोटो काढा, तुलना करा. नवं काही दिसलं, अगदी मिलिमीटरचा पोपडा, तरी लिहा आणि त्याच दिवशी मालकांना फोन करा. लपवलेलं पुढच्या वर्षी सापडतं, आणि मग त्या घरचं दार तुम्हालाच नाही, मागून येणाऱ्या सगळ्यांनाच बंद होतं.

बुरशीचा किंवा किडीचा संशय असलेली वस्तू वेगळ्या खोक्यात, वर तसं लिहून. राजवाड्यात पोचल्यावर पुन्हा चोवीस तास थांबा, उघडा, दोघांनी बघून सही करा. गंजिफा परत रंगागणिक मोजा.

रिकामी खोकी रद्दीत घालू नका. प्रत्येक खोक्यात त्या त्या वस्तूच्या मापाची खाच तुम्ही कापलेली असते. खोकं आणि आम्लमुक्त कागद वस्तूबरोबर तिथेच देऊन या. पुष्कळदा ते त्यांच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीपेक्षा बरं घर असतं.